श्री. पी.एम. यांस, मु. पो. दुपार

रा. रा. पोस्ट मेरिडियम ऊर्फ पी.एम. साहेब यांसी,
सा. न. वि. वि.

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात पीएम म्हटलं की माणसं तीन अर्थ काढतात. ग्रामीण रुग्णालयाच्या दारात उभे असलेले नातेवाईक ‘पीएम झालं का?’ असं विचारतात तेव्हा ते शवविच्छेदनाचं बोलत असतात. बँकेच्या ओट्यावर ‘पीएमचा हप्ता पडला का?’ हा प्रश्न दर चार महिन्यांनी येणाऱ्या दोन हजार रुपयांचा असतो. तिसरे आपण. पहिला पीएम माणूस कशानं मेला ते सांगतो, दुसरा निदान खताच्या एखाद्या गोणीपुरते पैसे देतो. आपण मात्र आकड्यामागे उभे राहता, आणि त्या आकड्याचा अर्थ आणखी बिघडवता. तरी मान आपल्यालाच, कारण आपण लॅटिन आहात.

खरं म्हणजे इंग्रजांकडे ‘आफ्टरनून’ हा साधा, घरचा शब्द होता. पण साधा शब्द घड्याळाच्या तबकडीवर शोभत नाही म्हणून त्याला लॅटिनचा कोट चढवला आणि ‘पोस्ट मेरिडियम’ केलं, म्हणजे मध्यान्हानंतर. त्यातही गंमत अशी की ज्या ‘नून’साठी हा खटाटोप केला, तो शब्दही मूळचा लॅटिनच निघाला. ‘नोना’ म्हणजे नववा तास. सूर्योदयापासून मोजलेला नववा तास, म्हणजे आपल्या घड्याळात दुपारचे साधारण तीन. मठातल्या साधूंची ही प्रार्थनेची वेळ मध्ययुगात हळूहळू अलीकडे सरकत बारापर्यंत आली, आणि ‘नून’ बाराला चिकटला. म्हणजे दुपार सरकवण्याची खोड आपल्या घराण्यात जुनीच आहे. आम्ही आपलं उगाच बुलडाण्यावरच अन्याय झाला असं समजत होतो.

आपल्या तरुणपणाचं मात्र कौतुक केलं पाहिजे. इ.स.पू. ४५०च्या सुमारास रोमचे बारा फलकांवरचे कायदे लिहिले गेले, तेव्हा आपण आणि आपले बंधू ए.एम. दोघंही कोर्टात कामाला होता. दोन्ही पक्षांनी मध्यान्हापूर्वी आपलं म्हणणं मांडायचं. मध्यान्ह उलटला आणि एक पक्ष हजर नसला, तर जो हजर आहे त्याच्या बाजूनं निकाल द्यायचा. दोघेही हजर असले तर सूर्यास्त ही शेवटची मुदत. एवढं सरळ! आमच्याकडे दुपारनंतर ‘साहेब मीटिंगला गेलेत’ असं सांगून पुढची तारीख मिळते. आणि कुठे मोठ्या सभागृहात कामकाज बेमुदत गुंडाळायचं झालं की आपलेच चुलतभाऊ ‘साइनी डाय’ येतात. अर्थ ‘दिवस न ठरवता’. रोमला जे पी.एम. निकाल लावायचे, त्यांच्या भावकीचा आज तहकुबीवर संसार चालू आहे.

त्या काळी मध्यान्ह झाला हे ठरवायला घड्याळ नव्हतं, हेही लक्षात असू द्या. रोमच्या चौकातल्या दोन ठरावीक जागांच्या मधोमध सूर्य दिसला की कॉन्सलचा हुजऱ्या मोठ्यानं पुकारा करायचा, असं प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलं आहे. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला सूर्य, आणि तोही त्याच गावचा. पुढे इ.स.पू. २६३मध्ये एका सेनापतीनं सिसिलीतल्या कतानिया शहरातून लुटीत एक छायायंत्र आणलं आणि चौकात खांबावर बसवलं. कतानिया रोमच्या बरंच दक्षिणेला, त्यामुळे यंत्रावरच्या रेघा रोमच्या सावलीशी जुळेनात. तरी रोमकरांनी ९९ वर्षं तेच यंत्र प्रमाण मानलं. दुसऱ्या गावची वेळ स्वतःच्या डोक्यावर बांधून मिरवण्याचं हे पहिलं नोंदलेलं उदाहरण असावं. दुसरं आम्ही.

आता मुद्द्यावर येतो. ‘मेरिडियम’ म्हणजे मध्यान्ह, आणि सूर्य याम्योत्तर वृत्तावर आला की मध्यान्ह. आपल्या नावाचा अर्थ एवढाच, दुसरा काही नाही. तो तपासायचा असेल तर लोणारला या. उल्केच्या धक्क्यानं बेसॉल्टच्या खडकात झालेलं हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर बघायला जगभरातून लोक येतात, आपणही या. विवराचं वय बावन्न हजार वर्षं की पावणेसहा लाख, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. ती उल्का ए.एम.ला पडली की पी.एम.ला, हे मात्र अजून एकानेही विचारलेलं नाही. काठावरच्या सपाट जागेवर एक काठी ओळंब्यात रोवा. बारा वाजले की सगळ्यांचे मोबाइल ‘१२.०० पी.एम.’ दाखवायला लागतील. काठीकडे बघा. सावली अजून पश्चिमेकडे झुकलेली असेल, म्हणजे सूर्य पूर्वेलाच आहे. बारा पाचला बघा, बारा दहाला बघा, वर्षातले बहुतेक दिवस तो पूर्वेलाच. सावली सरळ दक्षिणोत्तर रेघेवर येते ती सरासरी बारा वाजून चोवीस मिनिटांनी.

कारण गुपित नाही. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची, आणि लोणार ७६.५ अंशांवर. सहा अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे चोवीस. पृथ्वी सूर्याभोवती एकसारख्या वेगानं फिरत नाही आणि तिचा आसही कललेला आहे, त्यामुळे यात वर्षभर थोडी घटबढ होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला लोणारचा मध्यान्ह बारा वाजून सात-आठ मिनिटांनी येतो, तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थेट बारा अडतीसला. पण वर्षातल्या एकाही दिवशी तो बाराला येत नाही आणि बाराच्या आधीही येत नाही. मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आगेमागे सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि काठीची सावली काठीच्याच पायाखाली गडप होते. त्या दिवशीही ही गोष्ट घडते बारा वीसच्या सुमारास. म्हणजे शून्य सावलीच्या दिवशीसुद्धा, जेव्हा खुद्द सूर्य साक्षीला येतो, आपण वीस मिनिटं आधीच ‘मध्यान्ह उलटला’ असं जाहीर करून मोकळे.

चोवीस मिनिटांचा हा हिशेब आणखी एका कारणानं बोचतो. आपल्याकडे अहोरात्रीच्या साठ घटिका. एक घटिका म्हणजे बरोबर चोवीस मिनिटं. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की घटिका भरली. लग्नात मुहूर्ताला हेच घटिकापात्र घंगाळात सोडायची पद्धत होती. त्या मापानं पी.एम. साहेब लोणारला सरासरी एक घटिका लवकर येऊन बसतात, जसा एखादा लांबचा पाहुणा अक्षता पडायच्या आधीच पहिल्या पंगतीत पाट धरून बसावा.

आणि हे सगळं घडतं कुठे, तेही ऐका. इंग्रजांनी ग्रीनिचहून रेघ मोजायला सुरुवात करण्याच्या कित्येक शतकं आधी आपले ज्योतिषी रेखांश मोजायचे ते उज्जयिनीहून. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र अशी ती मध्यरेषा. उज्जैन पावणेशहात्तर अंशांच्या किंचित पुढे, आणि बुलडाणा शहर ७६ अंश ११ कला. दोघांच्या मध्यान्हात दीड-पावणेदोन मिनिटांचा फरक, जुन्या मापात चार पळं. देऊळगाव राजा तर आणखी जवळ, एकाच मिनिटावर. म्हणजे सिद्धांतग्रंथांनी जिला पृथ्वीची मधली रेघ मानलं, ती आमच्या शिवेला खेटून जाते. त्या हिशेबानं जगाची दुपार आमच्याकडे व्हायची. आज आमची दुपार मिर्झापूरला होते, आणि तिची पावती लॅटिनमध्ये मिळते.

प्रमाणवेळ नको, असं मी म्हणत नाही. रेल्वे आली तेव्हाच गावोगावच्या वेळेचे दिवस भरले होते. मुंबईहून निघालेली लाइन मलकापूर, नांदुरा, शेगाव करत १८६७मध्ये नागपूरला पोचली. प्रत्येक स्टेशनवर तिथल्या सूर्याची वेळ धरली असती तर समोरासमोर गाड्या आदळल्या असत्या. रेल्वेनं मद्रासची वेळ धरली. ती मलकापूरच्या सूर्यापेक्षा सोळा मिनिटं पुढे होती. मग १ जानेवारी १९०६पासून सगळ्या देशासाठी आजची प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईकरांनी मात्र सहजासहजी मान तुकवली नाही. त्यांची ‘बॉम्बे टाइम’ प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे, आणि ती खास त्यांची होती. सरकारनं आमच्या सूर्याला हात लावू नये म्हणून अर्ज झाले, सभा झाल्या. ही जुनी वेळ तिथे कित्येक दशकं टिकली! स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली, तरी मुंबईत वेळ विचारली की ‘कुठली?’ असा उलट प्रश्न यायचा. इतका हट्ट बरा नव्हे. पण त्या मुंबईकरांना एक गोष्ट कळली होती: वेळ ठरवून घेतलेली असते. ठरवून घेतलेल्या वेळेला पाच तीस म्हणा, सतरा तीस म्हणा, आमची तक्रार नाही. तक्रार आपल्याबद्दल आहे. आपण ठरवून घेतलेल्या वेळेला सूर्याचं खोटं प्रमाणपत्र चिकटवता.

दुपारचं हे खोटं फारसं कुणाला बाधत नाही, हेही कबूल. बारा दहाला सूर्य पूर्वेला की पश्चिमेला यावरून चिखलीच्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव पडत नाही. आपला खरा गुन्हा रात्रीचा आहे.

आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीची पुण्याला मुलाखत होती. पंधरा तारखेला, दुपारी. नागपूरहून पुण्याला जाणाऱ्या एका ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं, बसायचं मेहकर फाट्यावर. तिकिटावर छापलं होतं: तारीख १४, वेळ १२.१५ ए.एम. चौदा तारखेला रात्री जेवणं उरकून घरची सगळी मंडळी फाट्यावर पोचली. पोरीच्या मांडीवर प्लास्टिकच्या फायलीत प्रमाणपत्रं, आईच्या हातात शेव-चिवड्याची पिशवी, आणि बापाचं लक्ष डोणगावकडून येणाऱ्या प्रत्येक दिव्याकडे. बस वेळेवर आली. क्लीनरनं खाली उतरून तिचा मोबाइल हातात घेतला, स्वतःच्या यादीवर बोट फिरवलं, आणि म्हणाला, ‘काका, हे तिकीट तं कालचं हाये. तुमची गाडी कालच गेली.’

‘अरे बाबू, आज चौदाच हाये न!’

‘होती चौदा. आता बारा वाजून गेले, पंधरा लागली न!’

चौदा तारखेचे सव्वाबारा ए.एम. म्हणजे तेरा तारखेची रात्र. कागदावर बरोबर, पण माणसाच्या डोक्यात रात्र ही त्या दिवसाच्या शेपटीला असते, उद्याच्या कपाळावर नसते. ‘चौदाची रात्र’ म्हटलं की मेहकर, सिंदखेडराजा, खामगाव, कुठलाही माणूस चौदा तारखेचं रात्रीचं जेवण झाल्यानंतरची वेळच समजेल. पोरगी ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसून पुण्याला गेली. भाडं दुसऱ्यांदा दिलं. तिकीटवाल्यांच्या फोनवर उत्तर मिळालं की वेळ तिकिटावर स्पष्ट लिहिलेली आहे. लिहिली होतीच. आपल्या बंधूंच्या सहीनं लिहिली होती.

बंधूंवर ढकलू नका. ही फर्म दोघांची आहे. शिवाय बाराचा घोळ तुम्हा दोघांनाही सुटलेला नाही, हे जगजाहीर आहे. मध्यान्हाची वेळ मध्यान्हापूर्वीही नसते आणि मध्यान्हानंतरही नसते, ती मध्यान्हच असते. तेव्हा दुपारच्या बाराला पी.एम. म्हणणं तुमच्याच व्याकरणात बसत नाही. मध्यरात्र तर आदल्या मध्यान्हानंतरही बारा तास आणि पुढच्या मध्यान्हापूर्वीही बारा तास. तिला कुणीही दत्तक घ्यावं! अमेरिकेच्या सरकारी छापखान्याच्या शैलीपुस्तकानं कित्येक वर्षं दुपारच्या बाराला ए.एम. लिहायला सांगितलं, आणि २००८मध्ये नियम उलटा केला. ब्रिटनची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, जिचं कामच सेकंदाचे तुकडे मोजायचं, ती सरळ सांगते की बाराला ही अक्षरं लावूच नका. ज्यांची भाषा, ज्यांची घड्याळं, त्यांनीच हात टेकले, आणि मेहकर फाट्यावरच्या माणसानं मात्र नीट वाचायला हवं होतं.

आमच्या लोकांनीही आपल्याला सुधारायचा प्रयत्न केला. नाही असं नाही. मोबाइल मराठीत आले तेव्हा काहींच्या पडद्यावर आपण ‘म.उ.’ होऊन उतरलात, मध्यान्होत्तर. आमच्या गल्लीतल्या एका आजीनं नातवाच्या फोनवर ‘४.३० म.उ.’ वाचलं आणि विचारलं, ‘साडेचार मऊ म्हणजे काय रे?’ नातवालाही सांगता आलं नाही. मग लोकांनी सोपा उपाय काढला: तुम्हाला ठेवायचं, पण तुमच्यावर विश्वास ठेवायचा नाही. म्हणून फलकावर ‘सायं. ६.०० पी.एम.’ असतं आणि निरोपात ‘सकाळी १० ए.एम.ला या’. सायंकाळ लिहिलीच आहे, तर शेपूट कशाला? पण घरात लॅटिन पाहुणा आहे, त्याला जा कसं म्हणायचं!

तसं आपलं नातेवाईकांचं गोत मोठं आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा, एच.एस. म्हणजे निजायच्या वेळी, पी.सी. म्हणजे जेवणानंतर. सगळे लॅटिन, सगळे वेळेचे. पगारदार माणूस टी.डी.एस. बघून दचकतो, त्याला वाटतं औषधातूनही कर कापला. औषधाच्या दुकानातला पोरगा मात्र हुशार. तो चिठ्ठी वाचतो, पाकिटावर १-०-१ लिहितो आणि तोंडानं सांगतो, ‘सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर.’ दोन हजार वर्षांची भाषा त्यानं तीन शब्दांत निकालात काढलेली असते. त्याचं नाव कुठल्या भाषांतर पुरस्काराला सुचवावं, हे एकदा चौकशी करून बघणार आहे.

वेळ सांगायला आम्हाला कधी तुमची गरज पडली? झुंजुमुंजू, तांबडं फुटणं, कासराभर दिवस वर येणं, उन्हं डोक्यावर येणं, उन्हं कलणं, दिवेलागण, निजानीज. कासराभर म्हणजे बैलाच्या दोरीएवढा सूर्य क्षितिजावर चढला. शेतात उभ्या माणसाला ही वेळ मान वर करून तपासता येते. पीक-पावसाचं भाकीत करणारी भेंडवळची घटमांडणी अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी सूर्य बुडताना मांडतात आणि भाकीत दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना सांगतात. भाकीत खरं ठरतं का, हा वाद वेगळा, आणि माझं मत विचाराल तर शेतकऱ्यानं हवामान खात्याकडे बघावं. पण वेळेबाबत तिथे कुणाचा गोंधळ होत नाही. शेगावात काकड आरती, माध्यान्ह आरती, शेजारती. नावातच वेळ आहे.

आता कुणी म्हणेल, शब्दांनी बस पकडता येत नाही. बरोबर. त्यासाठी चोवीस तासांचं घड्याळ आहे. रेल्वे ते केव्हापासून वापरते. मलकापूर स्टेशनवर गाडी ‘बावीस वाजून दहा मिनिटांनी’ येते असं पुकारतात, आणि प्लॅटफॉर्मवर पथारी टाकलेला, शाळेचं तोंड न पाहिलेला माणूसही ते बोटांवर हिशेब करून समजून घेतो. मध्यरात्रीनंतरच्या गाडीला तिथेही तारखेचा घोळ होतो, हे खरं. पण निदान ‘शून्य वाजून पंधरा’ ऐकलं की माणूस दचकतो आणि विचारतो. आपलं ‘१२.१५ ए.एम.’ मात्र इतकं ओळखीचं वाटतं की विचारावंसंच वाटत नाही.

तेव्हा साहेब, निकाल असा. दुपारी एकपासून रात्री अकरा एकोणसाठपर्यंत राहायचं तर राहा. बाराच्या घरातून मात्र दोघा भावांनी बाहेर पडावं, दुपारीही आणि रात्रीही. रोमच्या कायद्याप्रमाणे दुपारनंतर जो हजर असेल त्याच्या बाजूनं निकाल लागतो. आम्ही हजर आहोत.

आणि तिकीट छापणाऱ्या मंडळींना विनंती. मध्यरात्रीनंतरच्या गाडीच्या तिकिटावर ‘तेरा तारखेची रात्र, सव्वाबारा’ असं मराठीत एक वाक्य टाका. शाईचा खर्च फार नाही. ते छापेपर्यंत वाचकांना एवढंच सांगतो: तिकिटावर बारा आणि ए.एम. शेजारी शेजारी दिसले, तर आदल्या रात्री जेवून फाट्यावर जाऊन बसा.

आपला,
मिर्झापूरपेक्षा एक घटिका मागे असलेला,
लोणारकडचा एक रहिवासी